जुने रिव्हॉल्व्हर, मोठा बोअर आणि ४५ दिवस

मार्केट यार्डात आमचे जाणे-येणे तीस वर्षांचे आहे. आमचा धंदा कापडाचा. सोलापूरचे टॉवेल, मालेगावच्या लुंग्या, इचलकरंजीचे मांजरपाट असा माल आम्ही ठोक विकतो. दिवाळीच्या आधी गुलटेकडीच्या भुसार विभागातील आडते आपल्या हमाल-तोलणारांना कपडा देतात, त्याची मोठी मागणी आमच्याकडे येते. त्यामुळे यार्डातील गाळ्यांत बसणे, चहा पिणे आणि उधारीची वसुली करणे हे आमच्या रोजच्या कामात मोडते. कापडवाल्याने रिव्हॉल्व्हरवर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल, म्हणून हे आधीच सांगितले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मार्केट यार्डातील एका आंगडियाच्या कार्यालयात हत्यारबंद टोळी घुसली, गोळीबार झाला आणि लाखोंची रक्कम लुटली गेली. यार्डात चोऱ्या होतात, पाकिटे मारली जातात, ट्रकमधून पोती पळविली जातात, हे सर्वांना सवयीचे आहे. पण भर वस्तीत गोळी सुटणे ही वेगळी गोष्ट. त्या आठवड्यात ज्या गाळ्यावर जावे तेथे एकच विषय होता. कोणी कॅमेरे वाढविले, कोणी रात्रीचा रखवालदार ठेवला, आणि बऱ्याच जणांच्या तोंडी एक वाक्य आले, "लायसन काढून टाकू."

आम्हीही त्यांतलेच. त्याच्या पुढच्या वर्षी वसुली घेऊन परतताना संध्याकाळी दोन पोरांनी दुचाकीवरून येऊन आमची पिशवी ओढली. पट्टा तुटला, आम्ही पडलो, कोपर फुटले. रक्कम फार नव्हती, पण त्या पिशवीत उधारीची वही होती आणि तिचे दुःख पैशांहून जास्त झाले. घरात मुलांनी धोशा लावला की अब्बांनी आता हत्यार बाळगावे. आमच्या मनानेही घेतले. मग चौकशी सुरू झाली.

नव्या मालाचा भाव ऐकून आम्ही थबकलो. सर्वसाधारण परवानाधारकाला आपल्या देशात जे रिव्हॉल्व्हर सहज मिळते ते .३२ बोअरचे. कानपूरच्या सरकारी कारखान्यात ते बनते. २०१४ साली तेथेच 'निर्भीक' नावाचे हलके, सुमारे ५०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर निघाले, तेव्हा त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आले. त्याची फिरकी बाजूला उघडते, म्हणजे काडतुसे भरण्यासाठी हत्यार मधोमध मोडावे लागत नाही. कराचे तर विचारूच नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर ४० टक्के जीएसटी आहे. ज्या यादीत हौशी लोकांच्या यॉट आणि खासगी विमाने आहेत त्याच यादीत हे हत्यार बसविले आहे. आमच्या कापडावर ५ टक्के भरताना आम्ही कुरकुरतो, तेव्हा हे कळल्यावर गप्पच बसलो.

नव्याचा हा भाव म्हणून नजर जुन्याकडे वळते. जुन्या मालाचा बाजार मोठा आहे, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी हत्यारांची आयात सामान्य नागरिकांसाठी बंद झाल्यासारखी आहे. त्यामुळे वेब्ली अँड स्कॉट, स्मिथ अँड वेसन, कोल्ट अशा नावांची जी रिव्हॉल्व्हरे त्याआधी देशात आली तेवढीच हातोहात फिरत राहिली. माल कमी आणि मागणी तीच, म्हणून साठ-सत्तर वर्षे जुनी विलायती .३२ अनेकदा कानपूरच्या कोऱ्या करकरीत हत्यारापेक्षा कितीतरी महाग विकली जाते. जुने म्हणजे स्वस्त हा कापडाचा नियम तेथे चालत नाही. दुसरे कारण अलीकडचे. पूर्वी एका परवानाधारकाला तीन हत्यारे ठेवता येत. १४ डिसेंबर २०१९ रोजी अमलात आलेल्या दुरुस्ती कायद्याने ती संख्या दोनवर आणली आणि तिसरे हत्यार एका वर्षात जमा करावयास सांगितले. ज्यांच्या कपाटात वाडवडिलांची तीन-तीन हत्यारे होती त्यांना एक सोडावे लागले, आणि त्यांतली काही बाजारात आली.

मांजरपाटात बांधलेली वस्तू

अशा चौकशीत असताना भुसार विभागातील आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी आम्हाला दुपारी बोलावले. आडतीचा त्यांचा धंदा वडिलांपासूनचा. वडील वारून दोन वर्षे झाली होती. गाळ्याच्या माळ्यावर, रिकाम्या बारदानाच्या गठ्ठ्यांमागे, त्यांनी लोखंडी पेटीतून एक गाठोडे काढले. आमचे लक्ष आधी कापडाकडे गेले. जुने, धुवून धुवून मऊ झालेले मांजरपाट, जाड सुताचे, हल्ली तसे विणत नाहीत. गाठ सुटली आणि आत काळेभोर, हातभर वाटावे असे रिव्हॉल्व्हर निघाले.

"भाई, चाळीस हजार द्या आणि घेऊन जा," शेठ म्हणाले. "कागदाचे नंतर बघू. तुम्ही तरी काय, मी तरी काय, घरचेच."

नशीब म्हणा, आमच्यासोबत आमचे एक शेजारी होते. लष्करातून निवृत्त झालेले, नोकरीचा बराच काळ शस्त्रागारात गेलेला. त्यांना आम्ही आग्रहाने नेले होते, कारण आम्हाला थान पाहून सूत कळते, लोखंड कळत नाही. त्यांनी हत्याराला हात लावण्याआधी विचारले, "भरलेले आहे का?" शेठ म्हणाले नाही. तरी त्यांनी नळी भिंतीकडे धरूनच ते उघडले आणि सहाही घरे स्वतः पाहिली. मग म्हणाले, "हे चारशे पंचावन्न आहे. वेब्ली. मार्क सहा."

बोअर म्हणजे काय ते येथे थोडक्यात सांगावे लागेल, कारण सगळा घोटाळा त्यातच आहे. .४५५ म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले ४५५ भाग, अंदाजे साडेअकरा मिलिमीटर. .३२ म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर. कागदावर फरक लहान दिसतो. पण सराफाच्या काट्यावर पाहिले तर खरा फरक कळतो. .४५५ ची शिशाची गोळी २६५ ग्रेनची, आणि तोळा म्हणजे १८० ग्रेन. म्हणजे ती एक गोळी जवळपास दीड तोळ्याची झाली. .३२ ची नेहमीची गोळी ९८ ग्रेनची, अर्ध्या तोळ्याहून किंचित जास्त. हत्यारही तसेच. १९१५ साली ब्रिटिश फौजेने घेतलेले हे मार्क सहा, सहा इंची नळीचे, रिकामे असताना एक किलोहून जास्त भरते. पहिल्या महायुद्धात खंदकांतून लढणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला ते असे. ते खिशात ठेवून कोणी गल्ल्यावर बसू शकत नाही. पायजम्याची नाडी तुटेल.

तरीही, खरे सांगायचे तर, आमचा जीव त्यात अडकला. हातात घेतल्यावर त्याचे वजन मनाला धीर देते. चाळीस हजार ही रक्कम आवाक्यातली. समोर तीस वर्षांचा विश्वासाचा माणूस. आणि कोपराची जखम अजून ओली. शेजाऱ्यांनी आमच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आम्हाला जिन्याखाली, पोत्यांच्या थप्पीआड नेऊन जे सांगितले तेच या लेखाचे कारण आहे.

'पी.बी.' आणि 'एन.पी.बी.'

बाजारात दोन शब्द सर्रास चालतात, 'पी.बी.' आणि 'एन.पी.बी.', म्हणजे मनाई असलेला बोअर आणि मनाई नसलेला बोअर. आपण पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करून जो परवाना मिळवू पाहतो तो दुसऱ्या प्रकारचा, त्यात .३२ आणि .२२ येतात. शस्त्र नियमांच्या परिशिष्टात मात्र एक वेगळा वर्ग आहे. ज्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलात .३८० किंवा .४५५ ची कडवाली काडतुसे, किंवा फौजेची ९ मिलिमीटरची काडतुसे बसू शकतात, ती त्या वर्गात मोडतात. अशा हत्याराचा परवाना शहराचे आयुक्त देत नाहीत. तो विषय दिल्लीचा, केंद्रीय गृह मंत्रालयाचा. दुकानदाराला, आडत्याला किंवा कारागिराला तो मिळणे जवळपास अशक्य समजावे.

यामागचा विचार इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. फौजेचे काडतूस खासगी हत्यारात बसता कामा नये, नाहीतर कोठारातला माल बाहेर जाईल, ही सरकारची धास्ती. याच धास्तीने १९०७ च्या सुमारास .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यास मनाई झाली. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी मग .४७०, .४६५ असे नवे बोअर काढले आणि शिकारी राजेरजवाड्यांना विकले. व्यापारी कोठलाही असो, तो वाट काढतोच. पण .४५५ ची वाट आपल्यासाठी बंदच राहिली.

म्हणून मोठ्या बोअरचे जुने रिव्हॉल्व्हर स्वस्तात कानावर आले की स्वस्ताईचे कारण तिथेच समजावे. विकणाऱ्याला कायदेशीर गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून भाव पडलेला असतो. आमच्या धंद्यात सेकंडचा माल सेकंड म्हणून सांगून विकला तर त्यात गैर काही नाही. येथे मात्र दोष मालात नसतो, घेणाऱ्याच्या हातात कागद नसतो हाच दोष.

शेठांना हे ठाऊक नव्हते. त्यांचा समज असा की वडिलांचा परवाना होता, म्हणजे वस्तू घरची झाली. बहुतेक घरांत हाच समज असतो. वस्तुतः परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. मालक वारला की त्याच दिवसापासून ते हत्यार घरात राहणे बेकायदा ठरू लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम २१ सांगते की अशा वेळी विनाकारण विलंब न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे. वारसाला ते आपल्या नावावर करून घेण्याची सोय आहे, त्यासाठी त्याला स्वतःचा अर्ज, स्वतःची पोलीस चौकशी आणि इतर वारसांची संमती लागते. इतकेच नव्हे, २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिले, तर तो जिवंतपणीच वारसाचे नाव सुचवू शकतो. शेठांच्या वडिलांना हे कोणी सांगितले असते तर ही पेटी माळ्यावर गेलीच नसती.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करावा. "जुने आहे, अँटिक आहे, त्याला कागद कशाला" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कायद्यात तशी सूट आहे, पण ती अशा वस्तूला की जी दुरुस्त केली तरी चालू शकणार नाही. शेठांच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा लख्ख ओढला जात होता. ते अँटिक नव्हे, ते चालू हत्यार होते.

शेजाऱ्यांनी मग हिशेब सांगितला. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास शिक्षा पूर्वी एक ते तीन वर्षे होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे झाली आहे, शिवाय दंड. चांगली वागणूक, धंद्यातली पत, वय, आजार यांतले काहीही त्या शिक्षेतून सोडवत नाही. नामवंत अभिनेता संजय दत्त याला १९९३ च्या प्रकरणात शस्त्र कायद्याखालीच शिक्षा झाली. २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांची ठरविली आणि तो २५ फेब्रुवारी २०१६ रोजी आपल्याच येरवड्यातून बाहेर पडला. त्याच्यामागे नामांकित वकील होते. आपल्यापैकी कोणा लूमवाल्याच्या किंवा आडत्याच्या माळ्यावर असे गाठोडे सापडले तर पहिला प्रश्न "कागद कुठे?" हा नसेल, "कुठल्या टोळीचे?" हा असेल. हे वाचकांना अधिक खुलासा करून सांगण्याची गरज नाही.

जुना माल पाहावा कसा

कायदेशीर बोअरचे, म्हणजे .३२ चे, वापरलेले रिव्हॉल्व्हर घेणाऱ्यांसाठी शेजाऱ्यांनी आम्हाला जे शिकविले ते येथे देतो. त्यांनी ते त्या वेब्लीवरच दाखविले, पण परीक्षा सर्वांची सारखीच.

आधी कागद, मग वस्तू. हत्याराच्या सांगाड्यावरचा नंबर आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरचा नंबर अक्षर अक्षर जुळला पाहिजे. एखादा आकडा घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा अर्धवट दिसला की सौदा तेथेच सोडावा, भाव कितीही पडू दे. परवान्यावर युआयएन क्रमांक आहे ना ते पाहावे, कारण राष्ट्रीय नोंदीतला तो क्रमांक नसलेला जुना परवाना आता ग्राह्य नाही. फिरकीवर आणि नळीवरही पुष्कळदा नंबर असतात. ते सांगाड्याशी जुळत नसतील तर भाग बदललेले आहेत असे धरावे.

मग नळी. पांढरा कागद मागे धरून उजेडात आत पाहावे. गंजाचे खड्डे दिसले तर नेम गेला. नळीत कोठे सावलीसारखे कडे दिसले तर आत कधीतरी गोळी अडकून दुसरी सुटली होती आणि नळी फुगली आहे, ते हत्यार फुकटही नको. त्यानंतर घोडा चढवून फिरकी बोटांनी हलवावी. थोडी हालचाल असतेच, पण खुळखुळ्यासारखी वाजली तर आतली कुलपे झिजली आहेत. सहाही घरे एकामागून एक फिरवून प्रत्येक घर नळीसमोर नीट येऊन थांबते का ते पाहावे. ते चुकले की गोळीचा कडा कापला जातो आणि शिशाचे तुकडे बाजूने उडतात, चालविणाऱ्याच्याच हातावर. चढविलेला घोडा अंगठ्याने हलकेच पुढे दाबावा. तो दाबाने पडला तर हत्यार धोक्याचे. वेब्ली किंवा कानपूरच्या जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये, जे मधोमध मोडून उघडते, तेथे वरची कडी आणि खालची बिजागरी पाहणे सर्वांत महत्त्वाचे. दाराची बिजागरी ढिली झाली की दार जसे खाली लोंबते, तसा तेथे फट पडते. आणि हे सर्व करताना हत्यार रिकामे असल्याची खात्री प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी करावी, सांगणाऱ्याच्या शब्दावर नव्हे.

वरची चकाकी पाहून भुलू नये. आमच्याकडे खळ चढवून पातळ कापड जाड भासवितात, तसे तेथे नवा काळा रंग चढवून खड्डे बुजवितात. मूळ रंग थोडा उडालेला आणि कडा धारदार असलेले हत्यार परवडले, गुळगुळीत घासून नवे केलेले नको.

पेटीत एका डब्यात बारा काडतुसेही होती. त्यांच्या बुडावर 'के.एफ.' अशी अक्षरे. शेजारी हसले. "ही आपल्या खडकीची." १८६९ साली सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना मार्केट यार्डापासून दहा-बारा किलोमीटरवर. तेथला माल कोणत्या वाटांनी फिरून पुन्हा पुण्यातल्या माळ्यावर आला, कोण जाणे. अशा जुन्या काडतुसांचा भरवसा नसतो. घोडा पडल्यावर कधी काहीच होत नाही, कधी क्षणभर थांबून मग बार उडतो, आणि तोवर घाबरलेल्या माणसाने नळी स्वतःकडे वळवून पाहिलेली असते. काडतूस हादेखील परवान्याचाच विषय आहे. हत्यार नाही पण काडतुसे आहेत, असे म्हणूनही सुटका होत नाही.

४५ दिवस

खासगी माणसाकडून खासगी माणसाने हत्यार घ्यावयाचे तर कायद्याच्या कलम ५ ची अट अशी. विकणाऱ्याने आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवावयाचे की मी हे हत्यार अमुक माणसाला विकणार आहे, नाव-पत्त्यासह. त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावयाचे. मगच हत्यार हातातून हातात. घेणाऱ्याकडे त्याच प्रकारच्या हत्याराचा परवाना आधीच असला पाहिजे. मग त्यावर नव्या हत्याराचा नंबर चढवून घ्यावयाचा आणि विकणाऱ्याच्या परवान्यावरून तो उतरवावयाचा. अनेक जण परवानाधारक दुकानामार्फतच व्यवहार करतात, त्यात कमिशन जाते पण कागद सुरळीत राहतो. आमच्या मते ते कमिशन द्यावे. बयाणा देऊन हत्यार घरी आणणे आणि ४५ दिवस मागाहून मोजणे, असा प्रकार यार्डात झालेला आम्हाला ठाऊक आहे. तो दोघांनाही भोवतो.

परवाना मिळेल का, हा प्रश्न आमचे कारागीर बंधू विचारतात. त्यांना दोन गोष्टी सांगतो. नियमांत असे लिहिले आहे की ज्याला धंद्याच्या स्वरूपामुळे जीव वा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज आहे त्याच्या अर्जाचा विचार व्हावा. आणि कायद्याच्या कलम १४ प्रमाणे केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून कोणाला परवाना नाकारता येत नाही. नाकारला तर कारण लेखी नोंदवावे लागते आणि वर अपील करता येते. मात्र वय २१ पूर्ण हवे, पोलीस चौकशी होते, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते आणि हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. परवाना आता पाच वर्षांचा असतो, २०१९ पूर्वी तीन वर्षांचा होता. निवडणुका लागल्या की छाननी होऊन अनेकांना हत्यार ठाण्यात जमा करावे लागते. म्हणजे पैसे आपले, हत्यार सरकारच्या कपाटात, आणि पावती आपल्या पाकिटात.

परवाना मिळाला म्हणजे मोकळीक मिळाली असेही नाही. मुळशी तालुक्यात जमिनीच्या वादात शेतकऱ्यांवर पिस्तूल रोखल्याची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये घरोघरी पाहिली गेली. परवाना होता, तरी गुन्हा दाखल होऊन अटक झाली. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या परवान्यांची छाननी होऊन अनेक रद्द झाले. कमरेला लावून मिरविणाऱ्यांमुळे गल्ल्यावर बसणाऱ्याचा अर्जही आता अधिक बारकाईने पाहिला जातो.

आम्ही अर्ज केला नाही. धाडस कमी पडले असे मुले म्हणतात, म्हणू देत. पिशवी ओढणाऱ्या पोरांना आम्हाला जमिनीवर आणायला दोन क्षण लागले. तेवढ्या वेळात आम्ही किलोभर लोखंड कोठून काढणार होतो, आणि पडल्यावर ते कोणाच्या हाती गेले असते, याचे उत्तर मुलांकडे नाही. त्याऐवजी आम्ही वसुलीची पद्धत बदलली. तसेही १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रोख घेता येत नाही. आता यार्डातली बहुतेक येणी मोबाइलवर किंवा बँकेत जमा होतात, जी रोख मिळते ती तिथल्याच बँकेत दुपारी भरतो, आणि वहीची नक्कल मुलगी संगणकावर ठेवते. काही जुने आडते अजून नोटाच मोजतात, त्यांच्याकडे आम्ही सकाळच्या गर्दीत जातो, संध्याकाळी नाही.

शेठांचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. त्यांनी दोन दिवस विचार केला. त्यांच्या आई तयार नव्हत्या. "त्यांची तेवढीच वस्तू राहिली आहे," असे त्या म्हणत. शेवटी शेठांनी वकिलाकडून अर्ज लिहून घेतला. त्यात वडिलांचा मृत्यूचा दाखला, जुना परवाना, हत्याराचा नंबर, काडतुसांची संख्या आणि उशिराचे कारण सर्व खरे खरे लिहिले. वकील स्वतः आधी ठाण्यात जाऊन बोलून आला. मग ठरलेल्या वेळी आम्ही तिघे गेलो. शेठांचा चेहरा उतरलेला, त्यांना वाटत होते आपल्याला आत बसवून ठेवणार. दोन वर्षे का थांबलात, हे त्यांना तीनदा विचारले गेले आणि तीनदा त्यांनी तेच उत्तर दिले की माहीत नव्हते. पंचनामा झाला. नंबर मोठ्याने वाचला गेला, काडतुसे एक एक मोजली गेली. आम्हाला तीन तास बाकावर बसावे लागले. पावती हातात पडली तेव्हा शेठांनी ती दोनदा वाचली आणि वरच्या खिशात ठेवली.

हत्यार मोहोर लावलेल्या पिशवीत गेले. मांजरपाट तेवढे टेबलावर राहिले. हवालदारांनी ते घडी करून परत दिले. शेठ म्हणाले, "भाई, हे तुमच्या दुकानाचे असेल." आम्ही सूत चोळून पाहिले. आमचे नव्हते, आमच्या वडिलांच्या वेळचे असावे. ते त्यांनी आईंना नेऊन दिले.